एक स्टारची झुळूक

अभिमनभाऊ चौधरींना एसीतलं सगळं कळत होतं. सावद्यात केळीचा घड नुसता बघून वजन सांगणारा माणूस. त्याला भिंतीवरच्या डब्याचं काय कौतुक?

प्रश्न आईचा होता. मे महिन्याच्या उकाड्यात भिकुबाईंना घरातल्या घरात भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, "खोली थंड ठेवा. पण फार गारठा नको." भाऊंचा जीव आईत अडकलेला. दुसऱ्याच दिवशी ते बायकोला, कोकिळाबाईंना घेऊन जळगावच्या दुकानात हजर.

"एक स्टारचा द्या."

काउंटरवरची मृणाली म्हणाली, "दिवसभर चालवणार असाल तर पाच स्टारचा घ्या, भाऊ."

"पाच स्टार म्हणजे काश्मीर. आमच्या आईला एक स्टारची झुळूक पुरे."

"स्टार गारव्याचे नसतात, भाऊ. गारवा तेवढाच. स्टार जास्त, तर त्याला वीज कमी लागते."

"ताई, मसाल्याच्या पाकिटावर मिरच्या काढतात ना? जितक्या मिरच्या, तितका तिखट. आम्हाला नका शिकवू," असं म्हणून भाऊ समोर उसाचा रस प्यायला निघून गेले. कोकिळाबाई मात्र दुकानातच थांबल्या.

एसी घरी आला, भिंतीवर बसला, आणि अर्धी गल्ली बघायला लोटली. शेजारचे लोटनआप्पा तर पलंगाच्या कडेला जागा धरून बसले. भाऊंनी सगळ्यांना समजावलं, "एक स्टार म्हणजे पहाटेची झुळूक. पाच स्टार म्हणजे हिमालय." आणि झुळूकच ती, म्हणून रिमोटवर बेधडक सोळा आकडा लावला.

थोड्याच वेळात भिकुबाई म्हणाल्या, "अभिमन, मले गोधडी दे रे बाबा."

गोधडी दिली. मग दुसरी दिली. तिसरी लोटनआप्पांनी न विचारता स्वतःवर ओढून घेतली. भाऊ घाबरले. खुर्चीवर चढून त्यांनी एसीवरचा स्टिकर पाहिला. पाच तारे!

त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा दुकानात फोन लावला. "ताई, पाच स्टारचा पाठवून फसवलंत. आई गोठायला आली."

"रिमोटवर आकडा किती आहे?"

"सोळा."

"सव्वीस करा. सोळावर एक स्टारवाल्यानंही असंच गारठवलं असतं, वर वीज जास्त खाल्ली असती."

भाऊंनी सव्वीस केलं. "पण मी एकच स्टार मागितला होता."

"वहिनींनी बदलून घेतला."

भाऊंनी वळून पाहिलं. कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या, "वरचे पैसे मी भिशीतले घातले. एक स्टारचं पहिलं बिल आलं असतं, की तुम्ही भर दुपारी एसी बंद करून आईंना ओलं फडकं दिलं असतं. ओळखते मी तुम्हाला."

ते खरं होतं. तिकडे भिकुबाईंनी गोधड्या बाजूला सारल्या होत्या आणि एवढ्या गलक्यात त्यांना गाढ झोप लागली होती. कित्येक रात्री त्या नुसत्या तळमळत होत्या.

सगळ्या गल्लीसमोर भाऊ म्हणाले, "कोकिळा, आई झोपली ती तुझ्यामुळं. फार उपकार झाले तुझे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. लोटनआप्पांनीसुद्धा गोधडीतून डोकं बाहेर काढलं.

कोकिळाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "बरं, बरं. आता या मंडळींना आत तरी घ्या, नाहीतर बाहेर तरी काढा. केव्हाचं दार सताड उघडं आहे. पाच स्टार असले म्हणून गल्ली गार होत नसते."