मृणालिनीबाईंनी धावतां चेंडू टाकिला त्याची हकिकत

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, श्रावण वद्य अष्टमी, मंदवार, ते दिवशी मिशिगन प्रांती नोव्हाय मुक्कामी सार्वजनिक बागेत जी लढाई जाहली, ती आम्ही कुंपणाशी घडीच्या खुर्चीत बसोन डोळां पाहिली, आणि तिची पूर्वपीठिका उभय पक्षांस पुसोन घेतली, आणि मगच हा मजकूर लिहितो. पदरचे काही घालीत नाही.

नोव्हायकर मराठी मंडळाची फौज दरसाल शेजारच्या कँटन गावच्या मंडळींशी फ्लॅग फुटबॉल खेळे. या खेळात कोणी कोणास पाडीत नाही; कमरेस दोन फिती लटकतात, आणि चेंडू हाती असतां गनिमाने फीत ओढिली की डाव तेथेच सरला. चेंडू प्रथम ज्याचे हाती येतो आणि जो तो पुढील शिलेदारांस फेकितो, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. ही सरनौबती नऊ वर्षे राजमान्य मृणालिनीबाई धारप यांजकडे होती. वय एकसष्ट, पस्तीस वर्षे भूल देणाऱ्या डॉक्टर, गेल्या मे महिन्यात निवृत्त. नेम अचूक, परंतु उभे राहोन. गतसाली कँटनकरांची अनया नामे तरणी शिलेदारीण भरधाव चालोन आली, आणि बाई जागीच उभ्या, मग सात वेळां फीत गेली आणि शिकस्त जाहली.

सबब जून महिन्यात मंडळाची मसलत बैसली आणि तजवीज ऐसी निघाली की, सरनौबती सौमित्र यास द्यावी. तो तिशीतला, पायांनी चलाख. बाईंनी ऐकोन घेतले आणि अर्ज केला की, सहा हप्त्यांची मुदत मिळावी. मुदत मंजूर जाहली. त्यांचे यजमान प्रतापराव, मोटारींचे निवृत्त इंजिनिअर, यांनी परततां गाडीत रेडिओ बंद केला, इतकेच. मे महिन्यात एक काम सुटले, आणि आता दुसरे सुटू पाहते, हे उभयतांस ठाऊक होते.

मग मोना नामे उस्ताद आणविली. ही इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि हायस्कुलाच्या क्वार्टरबॅकांस धावतां चेंडू फेकण्याची तालीम देई. पहिले दिवशी तिने बाईंस उजवीकडे पळविले, तो चेंडू थोडका चुकला. मग डावीकडे पळविले, तो चेंडू तळ्याकाठी रानहंसांचे छावणीत पडला, आणि हंस फणफणत चालोन आले, आणि उस्ताद व शागीर्द उभयतां मोटारीत शिरोन बचावल्या.

उजव्या हाताने फेकणाऱ्यास डावी बगल अवघड. पाय एकीकडे जातात आणि खांदे दुसरीकडे राहतात. सबब मोनाचा हुकूम ऐसा की, आधी चालत फेकावे, मग दुडक्या चालीने, मग भरधाव. फेकतेसमयी खांदे झेलणाऱ्याकडे वळवावे, आणि पाय त्याचेच रोखें धावत ठेवावे. बाई दर वेळी ऐन क्षणी थांबत.

"काकू, तुम्ही स्टॉप का करता?" मोनाने पुसिले.

"सुई धरली की हलायचं नाही. पस्तीस वर्षं तेच केलं."

"पण इथे पेशंट पळतोय, काकू. तुम्ही थांबलात तर तो गेला."

बाई हसल्या, आणि पुढला चेंडूही थांबोनच टाकिला.

चार हप्ते ऐसे गेले. पाचव्यात झेलावयास कोणी मिळेना, तेव्हां प्रतापराव खासे मैदानी उतरले, तेही दुखऱ्या गुडघ्यास पट्टा न बांधतां. बाईंनी डावीकडे धावतां धावतां ते पाहिले आणि रागें त्यांचेच रोखें वळल्या, "प्रताप, पट्टा कुठाय?" म्हणत, आणि बोलण्याचे भरात हातून चेंडू सुटला, तो थेट प्रतापरावांचे छातीशी जाऊन बैसला. पाय थांबले नव्हते.

"पट्टा गाडीत आहे," प्रतापराव म्हणाले.

मोनाचा हुकूम सुटला की, पट्टा आणावा, आणि हेच शंभर वेळां करावे. आणि तैसे केले.

लढाईचे दिवशी शेवटला डाव आला, तेव्हां नोव्हायकर चार गुणांनी मागे आणि घटका भरत आलेली. उजवी बाजू कँटनकरांनी रोधिली, सबब बाई डावीकडे निघाल्या, आणि अनया पाठीस लागली, आणि तिची बोटे फितीस लागली. दूर कोपऱ्यात सौमित्र हात वर करोन धावत होता. बाईंनी खांदे वळविले, पाय त्याचे रोखें घातले, आणि धावतांच चेंडू सोडिला. मग फीत अनयाचे हाती आली, परंतु चेंडू गेला होता. तो सौमित्राने रेषेपलीकडे पोटाशी धरिला, आणि टचडाउनाचे सहा गुण पडले.

अनयाने फीत परत दिली. "काकू, लास्ट इयर तुम्ही उभ्या होतात ना?"

"होते," बाई म्हणाल्या, आणि गुडघ्यांवर हात टेकोन दम खात राहिल्या.

सौमित्र चेंडू घेऊन आला आणि हळूच बोलिला, "काकू, डावीकडे मलाही जमत नाही. शिकवाल?"

"शिकवीन. पण पुढच्या वर्षी चेंडू मीच टाकणार."

येणेप्रमाणे नोव्हायकरांची दोन गुणांनी फत्ते जाहली, आणि सरनौबती मृणालिनीबाईंकडे बहाल राहिली. मंगळवारी सायंकाळी सौमित्राची तालीम लागली. तो डावीकडे धावे, आणि थांबू नको म्हणोन सांगत बाई त्याचे बाजूने धावत, हेही आम्ही पाहिले आणि दफ्तरी नोंदिले.