मनोहरभाऊंचे भावी स्पेशालिस्ट

मनोहरभाऊंच्या ग्रुपवर मी आजवर जितके पेशंट मारले तितके खरोखरीच मारले असते, तर अकोल्यात माझ्या नावाची दहशत असती.

डॉ. मनोहर गावंडे यांचा चांदूर रेल्वेला दवाखाना आहे. स्वतः साधे एमबीबीएस. पण एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेशी झुंजणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'भावी स्पेशालिस्ट, वऱ्हाड' असा ग्रुप काढला आहे. सकाळी आमचा चहा व्हायच्या आत ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज येतो, त्यात एक काल्पनिक पेशंट.

"बडनेऱ्याले एक बुढा गाडीतून उतरला. छातीत दुखून रायलं, घामानं भिजला. सच्या, काय करशीन?"

सच्या म्हणजे मी. छातीत दुखण्याची सगळी कारणं मी पुस्तकाच्या क्रमानं टाइप करू लागतो. सहाव्या कारणापाशी पुन्हा भाऊ.

"अजून लिवूनच रायला का बे? बुढा मेला ना!"

लगेच कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं.

ग्रुपवर त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नाही, भाऊ म्हणायचं. गुड मॉर्निंगची फुलं तर मुळीच चालत नाहीत. नवा असताना मी कण्हेरीचं एक गुलाबी फूल पाठवलं होतं. "वा," भाऊ म्हणाले, "हेच खाऊन एक बाई आली. नाडी मंद. बोल आता." ती बाईही माझ्या हातून गेली.

"भाऊ, तुम्ही काहून नाही बसले परीक्षेले?" मी एकदा विचारलं.

"मी कंडक्टर हाय लेका. लोकाइले गाडीत बसवून देतो. मले कुठं जाचं?"

आणि लोक खरंच जात. कोणाला नागपूरला जागा मिळे, कोणाला पुण्याला. पहिल्या दिवशी नव्या अ‍ॅप्रनमधला फोटो, खाली 'भाऊ, तुमच्यामुळे'. मग कामाच्या रगाड्यात तो माणूस गप्प होई, आणि एक दिवस ग्रुप सोडून जाई. "गेला. चांगलं झालं," भाऊ म्हणत. त्या दिवशीचा प्रश्न मात्र हमखास अवघड असे.

यंदा माझी तिसरी वेळ. मावशी आधीच मला 'पुढच्या वर्षीचा सर्जन' म्हणून ओळख करून देते. निकालानं तिला खोटं पाडलं नाही; यंदाही जागा हुकली. मी ग्रुप सोडला. भाऊंनी परत घेतलं. पुन्हा सोडला आणि फोनच बंद करून टाकला.

रविवारी दुपारी जुन्या शहरातल्या आमच्या घराची कडी वाजली. दारात मनोहरभाऊ. हातात स्टेशनवरच्या आलुबोंड्यांचा पुडा.

सांत्वन येणार म्हणून मी चेहरा पाडून बसलो. भाऊ खुर्चीच्या कडेवर टेकले, आलुबोंडे त्यांनीच जास्त खाल्ले, आणि आई चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "सच्या, तुया निकाल पायला. अन् मले बरं वाटलं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुयी वहिनी गेल्यापासून घरात बोलाले कोणी नाही. पोरगी तिकडं परदेशात. माई सकाळ होते तवा तिची झोपाची वेळ. ग्रुपवर पोरं येतात, पास होतात, जातात. जायलेच पायजे, मीच त पाठवतो. पण तुयं झालं नाही म्हटल्यावर मनात आलं, चला, सच्या हाय अजून एक वरीस." त्यांनी कागदाच्या तेलकट पुड्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "लई लाज वाटली गड्या. फोनवर सांगता येत नव्हतं. म्हणून आलो."

मी रडायची सगळी तयारी केली होती; ती तिथेच राहिली. माझ्या नापास होण्यानं जगात कोणाला तरी बरं वाटलं, हे ऐकून मलाही जरा बरं वाटलं. एवढा स्वाभिमान नसलेला माणूस सर्जन कसा होणार, देव जाणे.

"जेवूनच जा भाऊ," मी म्हटलं.

"गाडी हाय ना."

"मागची धरा."

आतून आईनं विचारलं, "पाहुणे तिखट खातात का रे?"

"हाव, खातो," भाऊंनीच उत्तर दिलं. मग चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि पाय वर घेऊन नीट बसले.