निजलेली गाडी

इरा, नील, मागच्या सुट्टीत तुम्ही विचारलं होतं, शेजारच्या आबांची गाडी विटांवर का चढवून ठेवली आहे? मी म्हटलं होतं, टायर खराब होऊ नयेत म्हणून. परवा आबांनी मला त्या गाडीत बसवलं, तेव्हा कळलं की माझं उत्तर अर्धंच होतं. म्हणून आज हे लिहिते.

कुसगावात गाडी पावसाळाभर उभी राहिली की सीटवर बुरशी चढते आणि वायरी उंदीर कुरतडतात. आबांनी चाकांवर भार नको म्हणून खाली विटा रचल्या, आत डांबराच्या गोळ्या ठेवल्या, धुराच्या नळीत फडक्याचा बोळा कोंबला. "गाडी बंद आहे का हो?" असं कोणी विचारलं की त्यांना राग येतो.

"बंद न्हाई. निजलीय."

डॉक्टरांनी त्यांची तंबाखू सोडवली. तरी ते पुडी घेतात आणि इंजिनाशेजारी ठेवतात. उंदरांना म्हणे वास सोसत नाही. टपरीवाला विचारतो, "आबा, उंदरांना चुना बी देऊ का?"

"दे की. तुजंच भाऊबंद हायेत."

ऊन पडलं की नळीतला बोळा काढून, घरात ठेवलेली बॅटरी जोडून ते इंजिन चालू करतात. आबा चांगले उंच. पण सीट इतकी पुढे, की गुडघे स्टिअरिंगला टेकतात. लहान मुलाच्या तीनचाकीवर बसल्यासारखे दिसतात.

"आबा, सीट मागे घ्या ना," मी सांगायची.

"हाय तितंच बरीय, बाई."

ती सीट सरूबाईंनी, त्यांच्या बायकोने, पुढे घेतलेली. त्या माझ्याएवढ्याच बुटक्या. मागच्या मैदानात गाडी शिकल्या. कार्ल्याला माहेरी स्वतः गाडी न्यायची आणि दारात हॉर्न वाजवायचा, एवढीच हौस. आबा म्हणायचे, "हायवेला लय गर्दी. पावसाळा सरू दे." पावसाळा सरला, पण सरूबाईंना ताप आला, आणि त्यातच त्या गेल्या. मग गाडी विटांवर चढली.

परवा बुरशी पुसायला मेकॅनिक आला आणि त्याने सीट सरळ मागे ढकलली. आबा अनवाणीच माझ्या दारात.

"बाई, जरा येता का? तुमी तिच्याएवढ्या."

मी जाऊन बसले. आबा वाकून सीट पुढे सरकवू लागले.

"ब्रेकला पाय पोचला?"

"नाही."

कट् आवाज झाला. "आता?"

"पोचला."

ते माझ्या चपलेकडे बघत राहिले. "तिचाबी पोचत व्हता," म्हणाले. "मीच न्हाई म्हनत राह्यलो."

मी उतरले. त्यांनी दार हळूच लावलं.

गाडी अजून विटांवरच आहे. सीट होती तिथेच, पुढे आहे.