कड्यावर कुणाचा नंबर लागला

एका जंगलात एक कडा होता आणि त्या कड्यावर एक विद्यापीठ होतं. मुलांनो, कडा म्हणजे नुसता दगड. वर ना गवत, ना पाणी. मधोमध एक म्हातारं झाड तेवढं कसंबसं उभं होतं. पण जंगलातल्या प्रत्येक आईबापाला आपलं पोर तिथेच जायला हवं होतं, कारण तिथे कुणाला सहजासहजी घेत नसत.

खाली ओढ्याकाठी घोरपडबाईंचीही एक शाळा होती. तिथे खणणं, पोहणं, चढणं असलं उपयोगाचं काहीबाही शिकवायचे आणि येईल त्याला घ्यायचे. येईल त्याला घेतात म्हटल्यावर तिथे शहाणंसुरतं कोण जाणार?

या जंगलात सायाळांचं एक कुटुंब राहायचं. सायाळ म्हणजे अंगभर लांब काटे असलेला, जमिनीत बीळ करून राहणारा प्राणी. वडिलांचं नाव बोथटराव, आईचं अणकुचीबाई आणि एकुलत्या एका मुलीचं टोकी. बोथटराव घरात फारसं बोलत नसत. तशी गरजच पडत नसे.

टोकीला खणायला फार आवडायचं. एकदा तिने आपल्या कोठीघरातून थेट शेजारच्या सशांच्या कोठीघरापर्यंत भुयार काढलं. सशांनी आरडाओरडा केला, पण घोरपडबाई मुद्दाम येऊन त्या भुयारात शिरल्या, दुसऱ्या टोकाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या की या मुलीला माझ्याकडे पाठवा. टोकीला त्या दिवशी जेवण सुचलं नाही, इतका आनंद झाला. अणकुचीबाईंचे मात्र काटे उभे राहिले.

"खणायला काय शिकायचंय?" त्या म्हणाल्या. "ते आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोच आहोत. तू कड्यावर जायचंस."

"कड्यावर माती नाही, आई."

"म्हणूनच," अणकुचीबाई म्हणाल्या.

मग सगळे कोल्हेसरांकडे गेले. कोल्हेसर प्रवेशाचं मार्गदर्शन करायचे. ते स्वतः कुठे शिकले होते हे कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या गुहेबाहेर रांगच एवढी असायची की आत पोचेपर्यंत विसरायला व्हायचं.

सरांनी टोकीकडे एकदा बघितलं आणि सुस्कारा सोडला. मग त्यांनी सांगितलं की नुसती हुशारी आता चालत नाही, अंगी कला हवी आणि समाजसेवाही हवी. म्हणून टोकी मोराकडे नाच शिकायला जाऊ लागली. तिने गिरकी घेतली की पहिल्या रांगेतले प्रेक्षक काटे उपटत घरी जायचे. समाजसेवेसाठी तिला रोज एका बुडत्या मुंगीचा जीव वाचवायचा होता. मुंग्या आपणहून बुडत नाहीत. त्यामुळे बोथटराव ओढ्याच्या अलीकडच्या काठावरून मुंगी ढकलायचे आणि टोकी पलीकडे पान धरून उभी राहायची. मुंग्यांनाही याची सवय झाली होती. त्या ओळीने उभ्या राहायच्या आणि मध्ये कुणी घुसलं तर भांडायच्या.

शेवटी सरांनी खरी युक्ती सांगितली. तिचं नाव आगाऊ वचन. इतर प्राणी पाच ठिकाणी विचारतात आणि मग निवड करतात. आपण तसं करायचं नाही. आपण सगळ्यांच्या आधी कड्यावर जायचं आणि शपथ घ्यायची, की आमच्या घरातल्या ज्या कुणाला तुम्ही हाक माराल तो मुकाट्याने येईल आणि पहिलं वर्ष तुमच्याच वसतिगृहात राहील. वचन मोडलं तर जंगलातली कुठलीही शाळा, अगदी घोरपडबाईंचीसुद्धा, त्या घराला दार उघडणार नाही.

"यात मागे फिरता येत नाही," सर म्हणाले, "पण पुढे घुसता येतं."

मुलांनो, वचन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्यांना ते समजावून सांगावं लागतं, आणि तेव्हा समजावणारं कुणी जवळपास नव्हतं. टोकी बोथटरावांकडे बघत राहिली. बोथटराव जमिनीकडे बघत राहिले. घरी येऊन टोकीने त्या भुयाराच्या तोंडाशी बसून खूप रडून घेतलं. माती दिसणारच नाही अशा जागी आता तिला वर्षभर राहायचं होतं.

मुलाखतीचा दिवस उजाडला. तिघं सगळ्यांच्या आधी कड्यावर पोचली आणि शपथ घेऊन मोकळी झाली. कड्यावरच्या प्राचार्या म्हणजे वाघळेबाई. वटवाघूळच त्या. झाडाला उलट्या लटकूनच कारभार पाहायच्या. त्यांना दिसायचं कमी, पण कान मोठे तीक्ष्ण. चेहरा, पिसारा, शिफारस यातलं काही त्या बघत नसत. जो बोलेल त्याचा आवाज तेवढा लक्षात ठेवायच्या, आणि त्या आवाजालाच प्रवेश द्यायच्या.

"नाव सांग," बाई म्हणाल्या.

टोकीने तोंड उघडलं. पण आमच्याकडे, म्हणजे त्या जंगलात, पोराला प्रश्न विचारला की उत्तर आईने द्यायचं अशी पद्धत आहे. डॉक्टरांनी कुठे दुखतंय म्हणून विचारलं, तरी पोराचं पोट आईच दुखवते.

"टोकी," अणकुचीबाई म्हणाल्या.

बाईंनी विचारलं, पहाटे उठतेस का? अणकुचीबाई म्हणाल्या, उठते, घरात सगळ्यांच्या आधी. कष्टाची सवय आहे का? अणकुचीबाई म्हणाल्या, सवय आहे, आणि कुणी दखल घेतली नाही तरी चालतं. जे पुढ्यात येईल ते खातेस का? खाते. उरलेलंसुद्धा खाते. खोली कुणाबरोबर वाटून घ्यावी लागेल, चालेल? अणकुचीबाई म्हणाल्या, आजवर स्वतःची अशी खोली मिळालीच नाही, तेव्हा न चालायला काय झालं. रागावल्यावर काटे उभे राहतात का? "छे," अणकुचीबाई म्हणाल्या आणि बोथटराव दोन पावलं मागे सरले.

मग बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. तुला इथे का यायचंय?

याचं मोठं भारदस्त उत्तर कोल्हेसरांनी पाठ करून घेतलं होतं. अणकुचीबाईंना ते ऐन वेळी आठवेना. तेवढ्यात टोकी हळूच म्हणाली, "मला खणायचंय." अणकुचीबाई मोठ्याने खोकल्या.

"बिळाच्या तोंडाशी रोज बसलं की समोर हा कडा दिसतो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "एकदा तरी वर यावं आणि इथून खाली कसं दिसतं ते बघावं, असं फार वाटायचं."

बोथटरावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं म्हणा.

थोड्याच दिवसांत कड्यावरून हाक आली. तुमच्या घरात प्रवेश दिला आहे, या. जंगलभर बातमी पसरली. ज्या सशांची कोठी फुटली होती तेसुद्धा पेढे मागायला आले. अणकुचीबाईंनी मऊ पानांची वळकटी बांधली. कंदांचं लोणचं, भाजलेल्या बिया, सर्दीवरची मुळी, सगळं भरलं. बांधाबांध करताना त्या एकसारख्या सांगत होत्या की उपाशी झोपू नकोस, कुणाच्या अध्यात पडू नकोस, आणि कुणी चांगलं वाटलं तरी लगेच सगळं सांगत बसू नकोस. टोकी हो म्हणत होती. तिने कुणाला न कळता एक मूठ माती पानात बांधून घेतली.

कड्यावर पोचल्यावर वाघळेबाईंनी वसतिगृहाच्या दारातच अडवलं. वसतिगृह म्हणजे त्या म्हाताऱ्या झाडातल्या ढोल्या.

"नवीन विद्यार्थिनीने बोलावं," बाई म्हणाल्या.

"मी टोकी," टोकी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बाईंनी कान टवकारले. "ही नव्हे."

"अहो, ही नव्हे काय?" अणकुचीबाई पुढे झाल्या. "हीच ती! आम्ही वचन दिलंय, तुम्ही हाक मारलीत, आता..."

"हीच ती," वाघळेबाई म्हणाल्या. "आवाज अगदी ओळखीचा. या, आत या."

अणकुचीबाईंनी सांगून पाहिलं की मी आई आहे. बाई म्हणाल्या की असाल, पण मी विचारलं त्याला उत्तर याच आवाजाने दिलं, आणि एकूण एक उत्तर खरं होतं. खोटं मला लगेच ऐकू येतं. त्या नावाचं आणि काट्यांचं सोडलं तर तुम्ही काही खोटं बोलला नाहीत.

"मध्येच कुणीतरी खणायचंय म्हणालं होतं," बाई पुढे म्हणाल्या. "तेही खरंच होतं. पण तिने इथे यायचंय असं म्हटलं नव्हतं."

वचन म्हणजे वचन. घरातल्या ज्याला हाक येईल त्याने यायचं. न आलं तर टोकीला ओढ्याकाठचंही दार बंद. अणकुचीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बोथटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"मग स्वयंपाक कोण करणार?"

एवढं ऐकलं आणि अणकुचीबाई ढोलीत शिरल्या.

आत एक मुंगसीण आपलं अंथरूण झटकत होती. वयाने अणकुचीबाईंएवढीच. अणकुचीबाईंनी दबकत विचारलं, तुमचंही असंच झालं का?

"धाकट्याच्या वेळी मी लागले," मुंगसीण म्हणाली. "थोरल्याच्या वेळी आमचे हे लागले होते. ते पलीकडच्या ढोलीत असतात. पहिल्या वर्षातून अजून सुटायचेत."

अणकुचीबाईंनी ढोलीच्या तोंडाशी येऊन खाली पाहिलं. सगळं जंगल दिसत होतं. ओढा दिसत होता, आणि एका कडेला आपलं बीळही, तिळाएवढं. लहानपणी त्यांनी वडिलांजवळ इथे यायचा हट्ट धरला होता. वडील म्हणाले होते की तू गेलीस तर घरात कामाला कोण. त्या बघत राहिल्या, आणि त्यांचे काटे एकेक करून खाली बसले. हे बघून टोकीला हसूही आलं आणि भरूनही आलं.

तिने वळकटी आत सरकवली.

"उपाशी झोपू नकोस, आई," ती म्हणाली. "आणि लगेच कुणाला सगळं सांगत बसू नकोस."

"फार शहाणी झालीस," अणकुचीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "घोरपडबाईंना सांग, हिला डाव्या पंजाने खणायची सवय आहे, ती मोडू नका."

"मी सांगेन माझं माझं," टोकी म्हणाली.

अणकुचीबाई काही बोलायला निघाल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत. मुलांनो, कड्यावर शिकलेला हा त्यांचा पहिला धडा.

त्या दिवसापासून टोकी ओढ्याकाठी जाऊ लागली आणि कोपरापर्यंत मातीने माखून घरी येऊ लागली. बोथटराव कंद उकडायला शिकले. वाटेत कुणी विचारलं की काय, लागला ना कड्यावर नंबर, तर ते छाती फुगवून सांगायचे की लागला, पहिल्याच फेरीत. कुणाचा ते कुणी विचारत नसे. कोल्हेसरांनीही गुहेबाहेर नवी पाटी लावली आहे, घरटी एक प्रवेश हमखास. त्यात खोटं काहीच नाही.

तात्पर्य: मुलांच्या प्रवेशासाठी आईबापांनी जिवाचं रान करावं. आज ना उद्या त्यांना प्रवेश मिळतोच.