चिरनिद्रा, सहकुटुंब

पोस्टबाईंना एका गोष्टीचा फार अभिमान होता. आपल्या हातून चुकीची पोस्ट जात नाही! कुणाच्या हातून कपबशा निसटतात, कुणाच्या हातून नोकऱ्या, कुणाच्या हातून लग्नं. पण पोस्टबाईंच्या हातून साधा स्वल्पविराम निसटलेला कुणी पाहिला नव्हता.

गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीचं सोशल मीडिया त्या सांभाळायच्या. दिवसभर पोस्टा टाकायच्या, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना पोस्टबाई म्हणायचं. सकाळी 'कंबर काय म्हणते?', दुपारी 'डुलकी हा तुमचा हक्क आहे!', संध्याकाळी 'आज कुठल्या कुशीवर?' गादी या एकाच विषयावर माणूस वर्षानुवर्षं बोलू शकतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं होतं.

पण ऑफिस सुटलं, की पोस्टबाई जिना उतरता उतरता नाट्यनिर्मात्या व्हायच्या!

हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण कंपनीचे मालक. 'माणसाने एका वेळी एकाच गादीवर झोपावे' हे स्वतःचं वाक्य त्यांनी केबिनबाहेर फ्रेम करून लावलं होतं. त्यांचा रोख जोडधंदे करणाऱ्यांवर होता, पण नवखे पाहुणे ते वाचून उगाच खाली मान घालून आत जायचे. तेव्हा पोस्टबाईंचे दोन्ही संसार एकाच फोनमध्ये गुपचूप नांदत होते. एक खातं गादीचं, एक नाटकाचं.

"अगं, एखाद्या दिवशी सरमिसळ होईल हं," नवरा म्हणायचा.

"माझ्याकडून?" एवढंच विचारून त्या अशा हसायच्या, की नवऱ्याला आपणच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

नाटकाचं नाव होतं 'चिरनिद्रा'. लेखक-दिग्दर्शक होते गुरुजी. गुरुजी म्हणजे दाढी, शबनम आणि दोन शब्दांमध्ये चहा पिऊन यावं एवढी विश्रांती. त्यांच्या आधीच्या नाटकांना प्रेक्षक यायचे, फक्त शेवटपर्यंत बसायचे नाहीत. 'चिरनिद्रा'त एक म्हातारा अंथरुणाला खिळून डोळे मिटून पडलेला असतो, त्याची तीन मुलं उशाशी भांडत असतात, आणि अगदी शेवटी म्हातारा डोळे उघडून एक प्रदीर्घ भाषण करतो व मरतो. सगळं नाटक त्या भाषणावर उभं होतं. म्हणजे झोपलेलं होतं म्हणा.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट ऐन वेळी एका मालिकेत पळाला. त्या दिवशी गुरुजी कपाळाला हात लावून पोस्टबाईंच्या घरी बसले असताना आतल्या खोलीतून पोस्टबाईंचे सासरे खोकले. गुरुजी ताडकन उठले.

"कोण ते?"

"आमचे बाबा."

"हाच!" गुरुजी ओरडले. "असा खोकला शिकवून येत नाही!"

बाबा कोर्टात लघुलेखक होते. उभा जन्म लोक बोलले आणि यांनी खाली मान घालून टिपून घेतलं. त्यांना कुणी 'तुमचं काय म्हणणं आहे?' असं कधी विचारलंच नव्हतं. आता पहिल्यांदाच समोर माणसं बसणार होती आणि बोलणार होते ते एकटे! बाबांनी भाषण असं काही मनावर घेतलं, की घराला पळता भुई थोडी झाली. दाढी करताना भाषण, आंघोळ करताना भाषण. झोप त्यांना निवृत्तीपासून तशीही लागत नसे, तेव्हा रात्रीही येरझारा घालत भाषण. शेवटी कुकरसुद्धा 'मी चाललो, मुलांनो' या वाक्याला शिट्टी देऊ लागला.

सगळं जमलं होतं. जमली नव्हती ती फक्त तिकीटविक्री. नाट्यगृहाच्या तक्त्यावर रिकाम्या खुर्च्या इतक्या, की बुकिंगवाल्याने एकदा "तालमीची तारीख ही ना?" असं सहज विचारलं.

म्हणून पोस्टबाईंनी ठरवलं, आता एक जोरदार पोस्ट टाकायची. जेवणाची सुट्टी होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. नाटकाची पोस्ट टाकली, लगेच पाठोपाठ गादीची सवलतही टाकली, डबा बंद केला आणि हात धुवायला गेल्या. परत येतात तो नवऱ्याचा फोन!

"अगं, तू नाटकाबरोबर उशी देणार आहेस का?"

"कसली उशी?"

"नाटकाच्या पानावर लिहिलंयस ना! 'दोन उशा मोफत! आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे गाढ झोपतील, ही आमची हमी!'"

पोस्टबाईंच्या पायाखालची फरशी सरकली. नाटकाच्या पानावर जर गादी गेली असेल, तर गादीच्या पानावर... त्यांनी घाईघाईने ते पान उघडलं. काळाकुट्ट फोटो, मधे एक पलंग, उशाशी विझती मेणबत्ती आणि खाली कंपनीच्या बोधचिन्हासकट ठळक अक्षरं: 'चिरनिद्रा! या शनिवारी संध्याकाळी, नाट्यगृहात. सहकुटुंब या! एकदा अनुभव घेतलात, की उठावंसंच वाटणार नाही!'

खाली लोक तुटून पडले होते. 'दोघांसाठी चिरनिद्रा मिळेल का?' 'घरपोच आहे का?' 'आमच्या साहेबांना भेट द्यायची आहे, वेष्टनात बांधून द्याल?'

त्यांनी पोस्ट उडवली. पण तोवर ती गावभर झाली होती. इतक्यात गुरुजींचा फोन आला.

"सगळे... गाढ... झोपतील," गुरुजी म्हणाले. "हे कुठल्या समीक्षकाने लिहिलं?"

त्यांना काही सांगायच्या आत शिपाई दारात उभा. "मालकांनी बोलावलंय."

पोस्टबाईंनी केबिनपर्यंतच्या वाटेत मनातल्या मनात राजीनामा लिहूनही टाकला. आत मालक फोन नाकाला लावून बसले होते.

"हे तुमचं काम?"

"साहेब, मी सांगते, त्याचं असं झालं..."

"इतकी वर्षं मी काय सांगत होतो?" मालकांनी टेबलावर मूठ आपटली. "काहीतरी वेगळं करा! आणि तुम्ही केलंत! नाट्यगृहात! रंगमंचावर! झोपेचं प्रात्यक्षिक! सगळ्या विक्रेत्यांचे फोन येताहेत. सगळ्यांना सहकुटुंब बोलावलंय मी!"

पोस्टबाईंनी मनातला राजीनामा मनातच फाडला.

"आणि नाव काय दिलंय! चिरनिद्रा! चिर म्हणजे दीर्घ. मराठी पक्कं आहे माझं. बरं, रंगमंचावर गादी कुठली ठेवताय?"

खरं सांगण्याची हीच वेळ होती. पोस्टबाईंनी त्यासाठी तोंडही उघडलं. तोंडातून शब्द आले, "तुम्ही सांगाल ती, साहेब."

"ढग!" मालक गरजले. 'ढग' म्हणजे कंपनीची सर्वांत भारी गादी. तिच्यावर बसलेला विक्रेतासुद्धा गिऱ्हाईक विसरायचा.

आता गुरुजींना पटवायचं होतं. त्यांच्या नेपथ्यात म्हातारा उघड्या फळीवर पडलेला होता.

"गादी?" गुरुजी कडाडले. "माझा म्हातारा तत्त्वांवर मरतो, बाई! गादीवर नाही!"

"गुरुजी, सगळी तिकिटं गेलीत."

गुरुजी थांबले. ही विश्रांती मात्र खरी होती. हाऊसफुल्लचा फलक त्यांनी आजवर फक्त इतरांच्या नाटकाला पाहिला होता.

"चादर तरी मळकी घाला," ते हळूच म्हणाले.

शनिवार उजाडला. संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात अशी झुंबड उडाली, की कधी पाहिली नाही! कुणी काखेत घरची उशी घेऊन आलेलं, कुणी पोरांना झोपायचे कपडे घालूनच आणलेलं. एका आजींनी गुडघ्यावर टाकायला शाल आणली होती. नवरा दारावर तिकिटं फाडता फाडता घसा फाडत होता, "उशी मिळणार नाही हो! नाटक आहे, नाटक!" लोक त्याच्याकडे समजूतदारपणे बघून विचारत होते, "आत गेल्यावर मिळेल का?"

पहिल्या रांगेत मालक, त्यांच्यामागे विक्रेत्यांची फौज. विंगेत फोन बंद करून उभ्या पोस्टबाई. आणि रंगमंचावर, पडद्याआड, बाबा ढगावर आडवे होत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "भाषण एकदम तोंडपाठ आहे. घाबरू नकोस." मग त्यांनी पाठ टेकली आणि त्यांचा चेहरा जरा वेगळाच झाला. "अरे वा," असं काहीतरी ते पुटपुटले.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. मुलगा आणि दोन मुली उशाशी भांडू लागल्या. भांडण सुरेख रंगलं! म्हातारा डोळे मिटून निपचित. गुरुजी विंगेत मुठी आवळून पुटपुटत होते, "काय पडलाय! काय पडलाय! असा पडणारा नट आज कुठे आहे?"

मग तो क्षण आला. थोरली मुलगी गुडघ्यावर बसली, बाबांचा हात हातात घेतला. "बाबा! आता तरी बोला! शेवटचं काहीतरी बोला!"

सगळं नाट्यगृह कान टवकारून बसलं.

बाबा घोरले.

थोरली दचकली. तिने हात जरा जोरात दाबला. "बाबा! काहीतरी... बोला ना!"

बाबांनी हात सोडवून घेतला, कूस बदलली, मळकी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि नवीन सुरात घोरायला लागले.

गुरुजींनी विंगेतून भाषणाचं पहिलं वाक्य सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं. शेवटी असं सांगितलं, की बाल्कनीला ऐकू गेलं, पण बाबांना नाही! धाकटीला वाटलं, आता आपणच नाटक वाचवायला हवं. तिने टाहो फोडला, "ताई! बाबा गेले गं!"

"घुर्रर्र," बाबा म्हणाले.

"म्हणजे... जाताहेत!" मुलगा घाईघाईने म्हणाला. "शांतपणे जाताहेत!"

पहिल्या रांगेत मालक ताडकन उभे राहिले. "बघा!" ते विक्रेत्यांना म्हणाले. "कूस बदलली, पण उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला हलला का? हलला का?"

पेला खरंच हलला नव्हता. विक्रेत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. थोरली आता खरोखरच रडकुंडीला येऊन बाबांना गदागदा हलवायला निघाली, तेवढ्यात शालवाल्या आजींचा आवाज आला.

"अगं, उठवू नकोस गं त्यांना! किती दिवसांनी लागलीय झोप बिचाऱ्यांना, तोंडावर दिसतंय!"

"हो, झोपू द्या!" मागून कुणीतरी म्हणालं. "झोपू द्या!" बाल्कनी म्हणाली. "आणि टाळ्या नका वाजवू!"

त्यानंतर जे घडलं ते रंगभूमीवर पूर्वी घडलं असेल असं वाटत नाही. उरलेलं नाटक तिघा भावंडांनी कुजबुजत केलं. भांडण कुजबुजत, पश्चात्ताप कुजबुजत, रडणं पदर तोंडात कोंबून. शेकडो माणसं श्वास रोखून एका म्हाताऱ्याची झोप राखत बसली. पोरं गप्प. पडदा ओढणाऱ्यानेसुद्धा पडदा इतका हळू पाडला, जणू पाळण्यावरची मच्छरदाणी सोडतोय. आणि मग सगळं नाट्यगृह चपला हातात घेऊन, चवड्यांवर, एक अक्षर न बोलता बाहेर पडलं.

मालक विंगेत आले तेही पाय न वाजवता.

"साहेब," पोस्टबाई कुजबुजल्या. आता त्यांना राहवेना. "हे माझं नाटक आहे. पोस्ट चुकून गेली होती. चिरनिद्रा म्हणजे मरण. म्हातारा शेवटी मरतो."

मालकांनी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. "कुठे मेलाय? चांगला झोपलाय की!" मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "दर शनिवारी करा. गावोगावी करा. गादी कंपनीची, गाडी कंपनीची. फक्त त्या मुलींना सांगा, एवढं रडायचं नाही. झोपमोड होते."

पोस्टबाईंनी घाबरत गुरुजींकडे पाहिलं. ज्या भाषणाचा एक काना त्यांनी कुणाला बदलू दिला नव्हता, ते अख्खं भाषण आज कुणी ऐकलंच नव्हतं! गुरुजी पायरीवर बसून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. डोळे पाण्याने भरलेले.

"बाई," ते म्हणाले, "आज... मधे... कुणीही... उठून गेलं नाही."

राहता राहिले बाबा. नाट्यगृह बंद करायची वेळ झाली, पहारेकरी एकेक दिवा मालवू लागला, पण त्यांना उठवायचा कुणाला धीर होईना. उठल्यावर सांगायचं काय? जन्मात एकदा बोलायची पाळी आली आणि तेवढ्यात डोळा लागला, हे सांगायचं कसं? नवरा म्हणाला, "तू सांग." पोस्टबाई म्हणाल्या, "तुझे वडील आहेत!" नवरा म्हणाला, "निर्माती तू आहेस!"

शेवटी पोस्टबाई ढगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावला. "बाबा... घरी जायचं ना?"

बाबांनी डोळे उघडले. अंग ताणलं. इतका टवटवीत चेहरा पोस्टबाईंनी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा." पोस्टबाईंचा आवाज चोरटा झाला. "तुमचं ते... भाषण..."

"भाषण ना?" बाबा उठून बसले. डोळे चमकत होते. "अगं, एक शब्द चुकला नाही माझा! शेवटच्या वाक्याला तर पुढच्या रांगेतला तो गलेलठ्ठ माणूस रडला. पाहिलंस ना? मी बोलत होतो आणि सगळे ऐकत होते, सूनबाई! सगळे!"

पोस्टबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने गुरुजींकडे, आणि गुरुजींनी छताकडे.

"हो, बाबा," पोस्टबाई म्हणाल्या. "कुणी खोकलंसुद्धा नाही."

"खोकलं नाही, ते खरं," बाबा पायात चपला सरकवत जरा नाराजीने म्हणाले. "पण मधे कुणीतरी मेलं सारखं घोरत होतं! प्रेक्षकांना काही रीतभात आहे की नाही?"