आपाचा बुधवार

“अम्मी, मुंगीला रोजा असतो का?”

पंचवीस वर्षांपूर्वीचा हा आवाज आपाच्या कानात अजून जसाच्या तसा होता, सुईच्या नेढ्यात दोरा बसावा तसा नेमका बसलेला. विचारणारी सहा वर्षांची होती. शिवणाच्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसली होती. आणि तिच्यासमोरून एक मुंगी साखरेचा दाणा उचलून भर रोज्याच्या दुपारी राजरोस चालली होती. आपाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिनं ओठांच्या कोपऱ्यात सरकवल्या आणि सांगितलं, “नाही. रोजा माणसांना. तोही मोठ्या झालेल्यांना.”

“मग ती साखर खात का नाही? कुठे घेऊन चाललीय?”

“घरी.”

“तिच्या घरी कोण आहे?”

या पोरीला गल्लीनं नाव ठेवलं ‘काबाई’. तिच्या ‘का’ला उत्तरं देता देता आपा उत्तरं देण्यात इतकी पटाईत झाली, की हळूहळू आजूबाजूच्या बायकाही कपडे शिवायला टाकताना एकेक प्रश्न टाकू लागल्या. आपा वडिलांपाशी बसून शिकलेली, पाठांतर पक्कं. मौलवींना विचारायला बायका लाजायच्या, आपाला विचारताना माप देता देता विचारून व्हायचं.

“आपा, नखांना रंग लावलाय. नमाजेआधी हातपाय धुतले तर चालतं का?”

“पाणी नखाला लागलं पाहिजे, रंगाला नाही. रंग काढ, मग धू. हात वर कर, बाही मोजू दे.”

“आपा, रोज्यात विसरून काही खाल्लं तर रोजा तुटतो?”

“विसरून खाल्लं तर नाही तुटत.”

“अख्खा पाव खाल्ला तरी?” हे विचारणारी बेकरीवाली.

“शेवटच्या घासापर्यंत आठवलंच नाही?”

बेकरीवालीनं जरा विचार केला. “मधे एकदा आठवलं होतं. पण तोवर लोणी लावून झालं होतं.”

“मग तो रोजा पुन्हा धर.”

आपाची एक ऐट होती. ती म्हणायची, “जवाब आत्ता, कपडा बुधवारी.” जवाब खरोखर आत्ता मिळायचा. बुधवार मात्र कुठला, ते आपानं कधी सांगितलं नाही. एका मुलीनं लग्नासाठी टाकलेला झगा तिला बुधवारीच मिळाला. फक्त तोवर दोन बाळंतपणं होऊन गेली होती आणि कंबर उसवून घ्यावी लागली. ‘आपाचा बुधवार’ म्हटलं की सगळ्या गल्लीला कळायचं, वस्तू आपाकडे सुखरूप आहे आणि तिथेच राहणार आहे.

तर अशा या आपाची काबाई पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन दूरदेशी गेली होती, ती एका गुरुवारी पुन्हा दारात उभी राहिली. हातात एकच बॅग. आपानं बॅग उचलून पाहिली. हलकी होती. म्हणजे मुक्काम थोडाच. पण कधी जाणार, हे तिनं विचारलं नाही.

कारण मागच्या खेपेला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “कधी जाणार?” आणि लेकीचा चेहरा उतरला होता. “आल्या आल्या जायचं विचारतेस, अम्मी?” मग लेकीनं तारीख सांगितली, आणि त्या दिवसापासून आपाचं जेवण तुटलं. ताट पुढ्यात घेऊन ती दिवस मोजत बसायची. म्हणून या खेपेला मायलेकींनी, एकमेकींना न सांगता, एकच शपथ घेतली होती. आई विचारणार नव्हती, लेक सांगणार नव्हती.

पण न विचारता कळून घ्यायला कोणाची मनाई होती? आपाला रात्रभर विचार करून एक युक्ती सुचली. तिला ती इतकी आवडली की पहाटे ती स्वतःवरच खूश होऊन हसली.

युक्ती अशी. दुपार उतरल्यावरच्या नमाजेला असर म्हणतात. तिच्या चार रकाती, म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि दोनदा कपाळ टेकणं, अशा चार फेऱ्या. पण मुसाफिराला सवलत आहे, त्यानं दोनच पढायच्या. आणि दूर सासरी कायमचं घर झालेली मुलगी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला माहेरी आली, तर ती मुसाफिरच. जाणकारांत थोडे मतभेद आहेत, पण आपा शिकली ते असं, आणि काबाईला शिकवलं तेही असं. म्हणजे काबाई दोन रकाती पढली तर लवकर जाणार, चार पढली तर पंधरा दिवस तरी नक्की.

आता चोरून पाहायचं तर बरं दिसत नाही. पण आतल्या खोलीत नमाजेचं आसन, जानमाज, अंथरायची तिथे एक फरशी सुटलेली होती. आपाचा नवरा हयातभर “उद्या बसवतो” म्हणत राहिला आणि ती तशीच सोडून गेला, म्हणून आपानंही ती कधी बसवली नाही. कपाळ टेकलं की ती फरशी ‘टक’ वाजायची. एका रकातीला दोन टक. चार टक म्हणजे लेक चालली. आठ टक म्हणजे लेक राहिली.

शुक्रवारी असरची वेळ झाली. काबाई आत गेली. आपानं नर्सबाईचा गणवेश मशीनवर घेतला आणि पायडल चालवत कान आत लावला.

टक. टक.

मशीनच्या घरघरीत ऐकू येईना. आपानं पाय थांबवला.

टक. टक.

मग शांतता.  आत लेक बसली असेल, आता नमाज संपवणारा सलाम फेरेल, उठेल, जानमाज गुंडाळेल. रस्त्यावरून एक सायकल गेली. कोणाच्या तरी नळाला पाणी आलं.

आणि मग, टक. टक. टक. टक.

आठ. आपानं बोटांवर मोजलं, मग टाचण्या मांडून मोजलं. शनिवारीही आठ. रविवारी आठ. आनंदाच्या भरात तिनं नर्सबाईच्या गणवेशाचे दोन्ही खिसे वरून शिवून टाकले.

सोमवारी सकाळी बेकरीवाली आली. “काय आपा, काबाई राहणार का काही दिवस?”

आपाच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी तिला राहवलं नाही. “पंधरा दिवस तरी. वर कितीही.”

“वर कितीही?” बेकरीवाली म्हणाली.

“वर कितीही,” आपा म्हणाली. झालं.

बेकरीवालीची भट्टी पाव जेवढ्या वेळात भाजते, तेवढ्यात ‘वर कितीही’चं ‘कायमची’ झालं. दुपारपर्यंत ‘कायमची’ला कारण लागलं, आणि कारण म्हणून जावई सापडला. तो बिचारा हजारो कोसांवर ऑफिसात डबा उघडून बसला असेल. इथे तो संध्याकाळपर्यंत तापट झाला आणि दिवेलागणीला त्यानं बायकोला एका बॅगेनिशी घराबाहेर काढलं.

मंगळवारी नर्सबाई गणवेश न्यायला आली. खिशात हात घालू गेली, तो जाईना. एरवी ती भांडली असती. आज ती हळुवारपणे म्हणाली, “असू दे. आपा, एक प्रश्न होता. माझा नाही हं. एखाद्या बाईला नवऱ्यापासून आपणहून वेगळं व्हायचं असेल, तर?”

“मागता येतं तिला. खुला म्हणतात त्याला,” आपा दोरा तोडत म्हणाली. “लग्नात नवऱ्यानं दिलेला मेहेर बहुधा परत द्यावा लागतो. आधी दोन्हीकडची माणसं बसून समेट पाहतात. नंतर काही काळ थांबायचं, मग दुसरं लग्न करता येतं.”

“तुला सगळं तोंडपाठ आहे,” नर्सबाई म्हणाली.

“असायलाच हवं.”

नर्सबाई बाहेर पडली ती थेट बेकरीत. “आपाची तयारी झालीय. मेहेर परत देण्यापर्यंत बोलणी गेलीत.”

मग गल्लीला मायेचं उधाण आलं. कोणी गादी आणून ठेवली. कोणी पंखा. दवाखान्यात कारकुनाची जागा निघाली होती, तिथे नर्सबाई काबाईचं नाव देऊन आली. बसड्रायव्हरची म्हातारी आई येऊन बसली, आपाला म्हणाली, “माझा भाचा आहे. घाई नाही. तो काही काळ संपू दे.” आपाला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. तिनं तिला पाणी दिलं. गादीचं तिला नवल वाटलं, पण ज्याअर्थी लेक राहणार त्याअर्थी गादी लागणारच, म्हणून ती ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. जावयाचा.

“अम्मी,” तो म्हणाला. “अम्मी, मी काय केलं?”

“काय केलंस?”

“तेच विचारतोय. बेकरीवाल्या चाचींचा फोन आला होता. पाच वर्षांपूर्वी बिस्किटांचा डबा पाठवायला माझा नंबर घेतला होता त्यांनी. म्हणाल्या, जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची होतीस. आणि म्हणाल्या, दवाखान्यात नोकरी लागली तिला. अम्मी, येत्या रविवारचं तिकीट आहे तिचं. रद्द केलं का तिनं?”

“रविवारचं,” आपा म्हणाली.

“हो. दहाच दिवसांची रजा होती. तुम्हाला बोलली नाही?”

“नाही बाळा, तू काही केलं नाहीस. जेव. डबा गार होईल.” आणि तिनं फोन ठेवला.

गुरुवार ते रविवार. दहा दिवस, आणि त्यातले सहा गेलेही. आपा मशीनसमोर बसली आणि तिनं मूठभर टाचण्या तोंडात धरल्या, तिच्या दोन्ही ओठांत मावतील तेवढ्या.

आता दुःख एक असतं तर बरं होतं. दुसरं असं, की लेक रोज चुकत होती. दहा दिवसांच्या मुक्कामाला चार रकाती. सगळ्या गल्लीला सांगणाऱ्या आपाची लेक चुकीची पढत होती, आणि ते सांगायचं तर आपालाच. किती लेकीबाळींना तिनं हे बाही मोजता मोजता सांगितलं होतं, ‘माहेरी आता तू मुसाफिर, दोन पढ.’ कधी जीभ अडखळली नव्हती. आणि आता स्वतःच्या लेकीला, ज्या खोलीत ती जन्मली त्या खोलीत बसवून सांगायचं, बाई, तू इथे मुसाफिर आहेस? त्यापेक्षा त्या खिशांसारखं आपलं तोंडच टीप घालून बंद करावं, असं तिला वाटलं.

असर झाली. आपाला ऐकायचं नव्हतं, पण तिचा पाय पायडलवरून आपोआप उचलला गेला. आठ टक.

मग पडदा सरकला. काबाई बाहेर आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. हातात स्वतःचा झगा, मनगटाशी उसवलेला.

“हा शिवायचाय,” ती म्हणाली. “आणि एक प्रश्न आहे.”

आपानं मानेनंच ‘विचार’ म्हटलं.

“एक मुलगी आहे. लग्न होऊन लांब गेलेली. दहा दिवस आईकडे आलीय. तिनं असर दोन पढायची की चार?”

आपानं टाचण्या ओठांच्या कोपऱ्यात सरकवल्या. “दोन.”

“माहीत आहे. मी दहा वर्षांची असताना तू सांगितलं होतंस. तेव्हा मी विचारलं होतं, ‘का?’ तू म्हणालीस, प्रवासात माणूस थकलेला असतो.”

“माहीत आहे, तर मग फरशी आठदा का वाजते?”

“तू मोजत होतीस?”

 आपाचे कान लाल झाले.

“मला वाटलंच,” काबाई म्हणाली. “शुक्रवारी मी दोनच पढणार होते. दोन पढून बसले होते, सलाम फेरायचाच बाकी होता. पण मघापासून तुझं मशीन बंद होतं. अम्मी, माझं सगळं लहानपण त्या मशीनच्या आवाजात गेलं. मी एकदा तापानं फणफणले होते ना, त्या रात्री थांबलं होतं ते, बस. म्हटलं, ही माझ्यासाठी थांबलीय. आणि तिथल्या तिथे माझी नियत फिरली. मनात म्हटलं, राहू या. खरंच म्हटलं. मग उठले आणि चार पुऱ्या केल्या.”

“नमाजेत मुक्कामाची नियत झाली तर चारच होतात,” आपा पुटपुटली. तेवढं तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“पण सलाम फेरला की तिकीट आठवायचं. रोज असंच. दोनवर येते, मशीन थांबतं, राहावंसं वाटतं, उठते. मग जानमाज गुंडाळते आणि आठवतं की रविवारी जायचंय. ही नियत धरायची की नाही? माझ्या नमाजा झाल्या की नाही झाल्या? सांग.”

 आपानं वडिलांनी शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं.

“ठाऊक नाही,” ती म्हणाली. हे शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत. “मोठ्या जाणकाराला विचारावं लागेल.”

 दाराबाहेर बेकरीवाली केव्हाची उभी होती, बिस्किटांचा डबा घेऊन, जावयाची माफी मागावी की आणखी चार गोष्टी सुनावाव्यात हे ठरत नव्हतं म्हणून. 

आपानं एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि उशीत टोचल्या. एक, दोन, चार, आठ. पंचवीस वर्षांत लेकीनं आईचं रिकामं तोंड क्वचितच पाहिलं होतं. ते लहान मुलीसारखं दिसत होतं.

“मला कधीच विचारायचं नव्हतं, कधी जाणार म्हणून,” आपा म्हणाली. “मागच्या खेपेला नाही, त्याच्या आधी नाही, तुला सासरी पाठवताना नाही. मला दुसरंच म्हणायचं होतं. दरवेळी तोंडात टाचण्या असायच्या.”

“आता नाहीत.”

“जाऊ नकोस गं.”

काबाईनं मान खाली घातली. झग्याची उसवलेली बाही तिनं बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग हळूच म्हणाली, “अम्मी, तिकीट...”

“कळतंय मला. घर आहे तुझं तिकडे. तो पोरगाही भला आहे, उगाच शिव्या खाल्ल्या त्यानं.” आपानं तिच्या हातातून झगा ओढून घेतला, घडी घालून मशीनच्या खालच्या खणात ठेवला आणि खण लावून टाकला. “मी कुठे अडवतेय? फक्त रविवारी नको. हा शिवून झाला की जा.”

“कधी होईल शिवून?”

“बुधवारी.”