सध्या रजेवर

कागद सांभाळण्यात आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं बाइंडरचं ठाम मत होतं. परदेशातल्या एका ग्रंथालयाने जुनी पुस्तकं दुरुस्त करायला त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं, तेव्हा त्याने व्हिसाच्या अर्जाचे सगळे कागद दोऱ्याने शिवले, पाठीला कापड चिकटवलं आणि वर पुठ्ठ्याची बांधणी केली. बायको म्हणाली, "अर्ज आहे की लग्नाचा अल्बम?"

व्हिसा कचेरीतल्या बाईंनी तो ग्रंथ उलटसुलट करून पाहिला. "कागद सुटे लागतात," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या नोकरीचा दाखला यात नाही. शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर अर्ज बाद."

पहिली नोकरी म्हणजे मालकांचा बाइंडिंगचा कारखाना. बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा घेऊन तो तिथून निघाला, लग्नात एका बड्या छापखानेवाल्याच्या गोड बोलण्याला भुलला आणि परत गेलाच नाही. याला अकरा वर्षं झाली. मालकांना तोंड दाखवायची लाज, म्हणून त्याने ती गल्लीच टाकली होती.

बुधवारी तो बिचकत बिचकत कारखान्यात शिरला. खळीचा तोच आंबूस वास, खिडकीखाली तीच बसकी शिलाईची चौकट. त्याला एकदम भरून आलं. इथे सहा वर्षं त्याने सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं. इथेच मालकांनी त्याची पहिली वही सात वेळा उसवून सात वेळा शिवायला लावली होती. तेव्हा तो मनातल्या मनात त्यांना काय काय बोलला होता, ते आठवून त्याला हसू आलं.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आलास? चार दिवस जरा लांबले."

बाइंडरने दाखला मागितला. त्यांनी तो लगेच लिहिला, शिक्का मारला. बाइंडरने तो न वाचताच खिशात घातला. वाचायला डोळे कोरडे कुठे होते?

गुरुवारी बाईंनी मात्र वाचला. "'हात उत्तम. सतरा वर्षांपासून आमच्याकडे नोकरीस. सध्या रजेवर.' अहो, म्हणजे तुम्ही अजून तिथेच आहात! मग त्यांचं ना-हरकत पत्र आणा."

बाइंडर धापा टाकत कारखान्यात पोचला. "मालक, हे काय लिहिलंत?"

"राजीनामा कधी दिलास?" मालकांनी हजेरीपुस्तक पुढे सरकवलं. दर महिन्याला त्याचं नाव नव्याने लिहिलेलं आणि पुढे रोज एक 'र'. रजेचा. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"मग ना-हरकत लिहून द्या. उद्या शेवटचा दिवस आहे."

"खोटं कसं लिहू? माझी हरकत आहे."

बाइंडरने हजेरीपुस्तक मिटलं. "मालक, न सांगता गेलो. चुकलं माझं."

"हे म्हणायला तुला व्हिसा कचेरीने पाठवावं लागलं," मालक म्हणाले आणि उगाचच बराच वेळ पेन शोधत राहिले.

शुक्रवारी बाईंनी पत्र उघडलं. दोनच ओळी होत्या. 'आमची हरकत आहे. तरी त्याला जाऊ द्यावे.'

"यातून मी काय समजायचं?" बाई म्हणाल्या. "हरकत आहे की नाही?"

"आहे," बाइंडर म्हणाला. "आता तर माझीही आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याची हरकत लेखी यायच्या आत धाडकन मंजुरीचा शिक्का मारून टाकला.